रद्दीतला संपादक

आमच्या घरी छापील कागद यायचा तो किराणाच्या पुडीचा. म्हणूनच की काय, कुर्ट श्विटर्स मला जवळचा वाटतो. जर्मनीतल्या हानोव्हर शहरी तो फेकलेली तिकिटे, वेष्टने चिकटवून कोलाज करी. बँकेच्या जाहिरातीतला ‘कोमर्त्स’ शब्द कापताना ‘मेर्त्स’ एवढाच तुकडा उरला. तेच नाव त्याने १९२३ साली स्वतः काढलेल्या नियतकालिकाला दिले, संपादकही तोच. नाझी राजवटीमुळे १९३७ साली तो नॉर्वेला गेला, १९४० साली ब्रिटनला. तेथे शत्रुदेशाचा म्हणून आधी छावणीतच डांबला! सुटल्यावर पोटासाठी लोकांची व्यक्तिचित्रे काढली. कोलाज चालूच होते, फक्त तिकिटे इंग्रजी झाली. नागरिकत्व मंजूर झाल्याचे ७ जानेवारी १९४८ रोजी कळले. दुसऱ्याच दिवशी तो वारला. लंडनमध्ये स्वतःची छोटी प्रकाशनसंस्था चालवणाऱ्या थेमरसन या पोलिश दाम्पत्याने १९५८ साली त्याच्या इंग्लंडमधल्या दिवसांवर पुस्तक काढले. तेही परदेशातूनच आलेले.