पदवीनंतरचे क्रीडांगण

महाविद्यालयीन शिक्षण संपताच बास्केटबॉलपटूपुढे प्रश्न उभा राहतो, की खेळ चालू ठेवावयाचा तो कोठे? तो जयपूरच्या प्रतापनगरातील असो वा मुंबईच्या नागपाड्यातील, त्याला ठाऊक असलेली वाट एकच. रेल्वे, पोलीस वा सेनादल यांच्या एखाद्या संघात शिरकाव करून घ्यावा. म्हणजे खेळही राहतो आणि कायमची नोकरीही लाभते.

परदेशातील व्यावसायिक संघांचा व्यवहार निराळा आहे. तेथील करार बहुधा एका हंगामापुरता असतो. शिवाय अनेक देशांत प्रत्येक संघातील परकीय खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते. त्यामुळे स्थानिकांच्या तोडीचा असणे परक्याला पुरत नाही. त्याला त्यांच्याहून सरस ठरावे लागते.

केरळमधील चंगनाशेरीच्या असम्प्शन महाविद्यालयात शिकलेली गीतू अ‍ॅना जोस हिने हे आव्हान स्वीकारले. दक्षिण रेल्वेची ही खेळाडू २००६ ते २००८ या काळात ऑस्ट्रेलियातील रिंगवूड संघाकडून खेळली. २०११ साली अमेरिकेतील तीन व्यावसायिक महिला संघांनी तिची चाचणी घेतली. निवड मात्र झाली नाही. पुढे २०१७ मध्ये पंजाबचा अमृतपाल सिंग ‘सिडनी किंग्ज’ या संघात दाखल झाला.

अशी उदाहरणे थोडीच आहेत. परदेशी जाणाऱ्याने चाचणीतील अपयश आणि अल्पमुदतीचा करार या दोहोंचा हिशेब आधीच मांडावा. हातातील पदवीचे मोल त्या हिशेबात मोठे आहे. कारण हंगाम संपल्यावर ती सोबत उरते.