कोकणातील वडिलोपार्जित जमीन : सौद्याआधी सातबारा पाहा

आखातात किंवा मुंबईत चार पैसे जमले की आपला कोकणी माणूस प्रथम गावच्या घरावर स्लॅब टाकतो. त्या घराखालची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. दापोली, श्रीवर्धन, राजापूर, कुठल्याही बंदरपट्टीतला उतारा काढा, आजोबांचे नाव अजून तिथे सापडेल. कातळ आणि वरकस जमिनीला कोणी विचारत नव्हते तोवर हे खपून गेले. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पुढे महामार्गाचे चौपदरीकरण आले आणि एजंट मोहल्ल्याच्या नाक्यावर दिसू लागला.

पहिली अडचण वारसांची. आपल्याकडे हिंदू कायद्यासारखे एकत्र कुटुंब नाही. माणूस इंतकाल पावला त्या क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरलेला असतो. तरीही थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ लिहिलेले उतारे आम्ही पाहिले आहेत! हिशेब अवघड नाही. कर्ज, मेहर व वसियत वजा जाऊन ४० गुंठे उरले आणि मागे बेवा, दोन मुलगे व एक मुलगी असतील, तर आईला ५ गुंठे, प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७. बहिणीचे हे ७ गुंठे आपल्या समाजात किती ठिकाणी नोंदले जातात, हे ज्याने त्याने आपल्या घरी तपासावे. नोंद नसली म्हणून तिचा हक्क जात नाही. फेरफार ही महसुलासाठी केलेली नोंद आहे, त्याने मालकी ठरत नाही. अशा जमिनीवर कारखाना किंवा लॉज उभारला आणि वीस वर्षांनी भाचे दाव्याला उभे राहिले, तर दोष त्यांचा नव्हे. भूसंपादनातही वाटणीचा वाद निघाला की मोबदल्याचे प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते आणि पैसा तिथेच अडकतो.

हक्कसोड पत्रावर सही करणाऱ्या मुंबईकर भावानेही विचार करावा. बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय राज्यात शेतजमीन घेता येत नाही आणि शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून सातबाराच मागतात. दोन गुंठ्यांचे नाव काढून टाकले की पुढची खरेदी अडते.

‘इतर हक्क’ हा रकाना बहुतेक जण वाचत नाहीत. कुळाचे नाव तिथेच असते. कुळाने कूळकायद्याखाली विकत घेतलेली जमीन विकायची तर पूर्वी दर वेळी परवानगी लागे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षे झाली असल्यास आकाराच्या ४० पट नजराणा भरून ती विकता येते.

समुद्राकाठचा प्लॉट स्वस्तात मिळतो, त्याचे कारण सी.आर.झेड. १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा बंधनात आला. गावठाणी भागात पहिले २०० मीटर ‘ना विकास’ ठरले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात हे अंतर ५० मीटरवर आणले, पण दाट म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक माणसे. कोकणातली आपली वाडीवस्तीची गावे सहसा यात बसत नाहीत. तिथे २०० मीटर कायम आहेत. जुन्या अधिकृत घराची जोत्याइतकीच दुरुस्ती करता येते. खाडीकाठी हिशेब वेगळा, तोही नकाशावरच पाहावा. ‘एन.ए. होऊन जाईल’ म्हणणाऱ्या एजंटाला आधी त्या नकाशावर गट नंबर दाखवायला सांगा. बयाणा नंतर.

वारसनोंदीसाठी मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, सातबारा व ८अ घेऊन तलाठी कार्यालयात अर्ज द्यावा. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवावे असे महसूल संहिता सांगते. उशीर झाला तरी नोंद होते. नोटिशीनंतर हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो.

कोणी वारस दुबईत किंवा कुवेतमध्ये असेल तर त्याचे मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे. त्यात गट नंबर आणि काम नेमके लिहावे. ‘सर्व मिळकत विकण्याचा अधिकार’ असे मोघम वाक्य भावालासुद्धा देऊ नये. कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावावा लागतो. मुदत टळली की दंड.