शाळकरी हात आणि ‘ऐच्छिक’ सेवा

७ डिसेंबर हा आपल्याकडे सशस्त्र सेना ध्वजदिन. आमच्या लहानपणी त्या सुमारास वर्गात कागदी ध्वजांची चळत यायची. निधी ऐच्छिक आहे, असे गुरुजी सांगायचे आणि लगेच हजेरीपटाच्या आतून दुसरी यादी काढून ज्यांनी पैसे आणले नाहीत त्यांची नावे वाचायचे. गिरणी संपाच्या दिवसांत त्या यादीत माझे नाव दोन वर्षे लागोपाठ होते. सैनिकांविषयी माझ्या मनात तिळभरही कमी आदर नव्हता. घरात सुटे पैसे नव्हते, एवढेच. ‘ऐच्छिक’ हा शब्द तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. पुढे शाळांचा इतिहास वाचण्याचा नाद लागला, तेव्हा युद्धकाळातल्या शाळा आणि तिथली मुलांची मंडळे यांच्याकडे मी वळलो तो या शब्दामुळेच.

योगायोग असा की, या विषयातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्टही एका ७ डिसेंबरलाच सुरू होते. १९४१ सालचा रविवार. होनोलुलूच्या मॅकिन्ली हायस्कूलमध्ये शेवटच्या वर्षाला असलेला डॅनियल इनोये हा सतरा वर्षांचा मुलगा सकाळी घरी होता. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडू लागले. हा मुलगा रेडक्रॉसचे प्रथमोपचार शिकलेला आणि शिकवणाराही. त्याला बोलावणे आले आणि तो सायकलवरून मदत केंद्राकडे धावला. ते केंद्र एका शाळेतच होते. जखमींना बांधणे, प्रेते उचलणे यांत त्याचे पुढचे काही दिवस गेले. आकाशातून हल्ला करणाऱ्या वैमानिकांचे आणि या मुलाचे पूर्वज एकाच देशातले होते. मॅकिन्लीत जपानी वंशाची मुले इतकी होती की, गावात तिला ‘टोकियो हाय’ म्हणत.

हवाई बेटांवर लष्करी कायदा लागू झाला. शाळा काही आठवडे बंद राहिल्या. उघडल्या तेव्हा मुले दप्तराबरोबर गॅस मास्क घेऊन येऊ लागली. अननसाच्या आणि उसाच्या मळ्यांवर मजूर कमी पडले, तेव्हा शाळेचे दिवस कमी करून मुलांना मळ्यांवर पाठवण्यात आले. इनोये दिवसा शाळेत बसे आणि रात्री मदत केंद्रावर काम करी.

मुख्य भूमीवरच्या शाळांत चित्र वेगळे होते. तिथे बॉम्ब पडले नाहीत, पण उत्साह प्रचंड होता आणि सरकारने त्याला वाटा करून दिल्या. सप्टेंबर १९४२ मध्ये शिक्षण खात्याने ‘हायस्कूल व्हिक्टरी कोअर’ जाहीर केले. त्याच्या धोरण समितीचा प्रमुख होता पहिल्या महायुद्धातला नामवंत वैमानिक एडी रिकनबॅकर. सदस्य होण्यासाठी व्यायाम हवा, युद्धाशी संबंधित काही अभ्यास हवा आणि निदान एक प्रत्यक्ष काम हवे : हवाई हल्ल्याच्या वेळची टेहळणी, शेतावर मदत, रेडक्रॉस, काहीही. त्यापुढे हवाई दल, भूदल, नौदल, उत्पादन आणि समाजसेवा अशा शाखा. छातीवर ‘व्ही’ अक्षराचे चिन्ह. कागदावर सारे ऐच्छिक होते. पण वर्गातल्या पंचवीस छात्यांवर ते चिन्ह दिसत असताना सव्विसावा काय करणार, हे सांगायला संशोधक नको.

या मुलांनी केलेल्या कामांची यादी वाचताना मला आपल्या शाळांतला हस्तव्यवसायाचा तास आठवत राहिला. नौदलाला शत्रूची आणि मित्रांची विमाने ओळखायला शिकवण्यासाठी पाच लाख लाकडी प्रतिकृती हव्या होत्या. त्या शाळांच्या सुतारकामाच्या वर्गांकडून मागवल्या. प्रमाण एकास बहात्तर, रंग काळा. पस्तीस फुटांवरून असे विमान पाहिले की, ते खऱ्या विमानासारखे अर्ध्या मैलावर दिसते. माप चुकले की नमुना बाद. उत्तम काम करणाऱ्यांना मानाचे हुद्दे लिहिलेली प्रमाणपत्रे मिळत. ज्युनिअर रेडक्रॉस तर १९१७ पासूनच शाळाशाळांत होता. त्याची मुले लष्करी इस्पितळांसाठी काठ्या, पत्र्याच्या आणि लाकडाच्या लहानसहान वस्तू, विणलेले चौकोन जोडून केलेली पांघरुणे पाठवीत. १९६२ साली माझी आई शाळेत असताना मुलींनी जवानांसाठी मोजे आणि मफलर विणले होते. त्यातल्या किती जणींना नीट विणता येत होते, असे विचारले की ती नुसती हसते.

पैशांची बाजूही शाळांकडे होती. दहा आणि पंचवीस सेंटची युद्धतिकिटे मुले वहीत चिकटवीत. पावणेएकोणीस डॉलरची तिकिटे जमली की, त्यांचे रोखे मिळत आणि दहा वर्षांनी त्यांचे पंचवीस डॉलर होत. आपण काय काय केले याची चिकटवही करून शाळांनी वर पाठवायची, अशीही योजना होती. आपल्याकडच्या शालेय हस्तलिखितांची ही सख्खी बहीण : कात्रणे, फोटो, मुलांची चित्रे, वळणदार शीर्षके. यांतल्या पुष्कळ वह्या तिथल्या राज्यांच्या ग्रंथालयांत टिकून आहेत.

सगळ्यांत मनोहर काम रुईचे. रुईची शेंग तडकली की, उडणाऱ्या म्हाताऱ्यांमागे धावला नाही असा मराठी मुलगा विरळा. अमेरिकेत रुईच्याच कुळातले मिल्कवीड नावाचे रोप रानोमाळ वाढते. बुडत्या खलाशाला तरंगवणाऱ्या जाकिटांत तोवर कापोकचा, म्हणजे आपल्या सावरीच्या एका भाऊबंदाचा, कापूस भरत. तो जावातून येई आणि जावा १९४२ मध्ये जपानने घेतले. मग मिल्कवीडची आठवण झाली. तेलकट, पोकळ तंतूंचा तो कापूस पाण्यात भिजत नाही. १९४४ च्या शरद ऋतूत मुलामुलींचे थवे कांद्याची जाळीदार पोती घेऊन रानात गेले. दोन पोती शेंगांत एक जाकीट, असा हिशेब त्यांना सांगितलेला होता. एवढ्या सोप्या हिशेबाने मूल कामाला लागते, ते कोणत्याही भाषणाने लागत नाही.

सारेच श्रम असे कामी आले नाहीत. १९४१ च्या उन्हाळ्यात घरोघरची अ‍ॅल्युमिनियमची भांडी गोळा झाली, पण विमानांना नवा धातू लागतो असे निघाले. १९४२ मध्ये मुलांनी इतकी रद्दी आणली की, कारखान्यांनी हात जोडले. शिवाय मुलांना खरे खेचून नेले ते मंडळांनी नव्हे, कारखान्यांतल्या पगाराने. युद्धाच्या वर्षांत अमेरिकी हायस्कुलांची पटसंख्या दहा लाखांच्या आसपास घटली. व्हिक्टरी कोअरही १९४४ मध्येच गुंडाळले गेले.

इथवर वाचून हा विषय गोड वाटू शकतो. मलाही बरेच दिवस वाटला. मग काटेरी तारेमागच्या शाळा समोर आल्या.

फेब्रुवारी १९४२ च्या अध्यक्षीय आदेशानंतर पश्चिम किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना उचलून दहा छावण्यांत ठेवले. दोनतृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. छावण्यांत शाळा निघाल्या. मान्झानारला सुरुवातीला बाकेही नव्हती, मुले जमिनीवर बसत. आणि या शाळांत काय होते? ध्वजाला प्रणाम, बालवीर पथके, ज्युनिअर रेडक्रॉस, वार्षिकांक. बाहेरच्या शाळांत होते ते सगळे. मान्झानारच्या १९४४ च्या वार्षिकांकाचे नाव ‘अवर वर्ल्ड’, आमचे जग. तो चाळताना वर्गांचे फोटो, संघ, मंडळे पाहून हे कोणतेही अमेरिकी गाव वाटावे. मुले मुद्दाम सोंग घेत होती, असे मी म्हणणार नाही. सोळाव्या वर्षी नाटक बसवावेसे आणि मैत्रिणींबरोबर मंडळ काढावेसे वाटतेच, तार असो वा नसो.

मेरी नाकाहारा वीस वर्षांची होती. तिचे वडील आजारी असतानाच पर्ल हार्बरच्या दिवशी पकडले गेले आणि जानेवारीत, सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी, वारले. तिची रवानगी आधी सांता अनिता इथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर झाली. तिथे तबेल्यांत माणसे राहत. मग आर्कान्सातल्या जेरोम छावणीत. ती रविवारच्या वर्गात ज्या किशोरवयीन मुलींना शिकवी, त्यांना घेऊन तिने अमेरिकी सैन्यातल्या जपानी वंशाच्या जवानांना पत्रे लिहायचे ठरवले. नाव ठेवले ‘क्रुसेडर्स’. सुरुवातीला आपापल्या ओळखीचे मूठभर जवान होते, यादी वाढत हजारोंवर गेली. छावणीत कोंडलेल्या मुली, ज्या सैन्याचे पहारेकरी बुरुजावर उभे, त्याच सैन्यातल्या भावांना लिहीत होत्या. हीच मेरी पुढे युरी कोचियामा म्हणून नागरी हक्कांच्या लढ्यात प्रसिद्ध झाली.

१९४३ च्या आरंभी छावण्यांत एक प्रश्नावली आली. सतरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ती भरायची होती, म्हणजे हायस्कूलच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांनाही. सत्ताविसाव्या प्रश्नात मुलग्यांना विचारले होते की, जिथे पाठवू तिथे लढायला तयार आहात का. मुलींना, परिचारिका दलात वा स्त्रियांच्या सहायक दलात स्वेच्छेने जाल का. अठ्ठाविसावा प्रश्न जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडण्याचा. ज्या पोराने जपान पाहिलेलाच नाही, त्याने नसलेली निष्ठा सोडायची तरी कशी? ‘हो’ लिहिले तर ती आधी होती असे ठरणार. दोन्हींना ‘नाही’ लिहिणाऱ्यांना वेगळे काढून टुली लेक छावणीत पाठवले. स्वेच्छेची हजेरी घेणारी ही यादी वाचताना मला माझा वर्ग आठवला, हे इथे कबूल केलेले बरे. तुलना फार तोकडी आहे, हेही जाणतो.

त्याच वेळी ४४२ व्या पलटणीसाठी स्वयंसैनिक मागवण्यात आले. हवाईत जपानी वंशाचे लोक एकतृतीयांशाहून अधिक होते, त्यांना सरसकट कोंडले असते तर बेटांचा कारभारच थांबला असता. म्हणून तिथे छावण्या जवळजवळ नव्हत्या. तिथून १,५०० जण हवे होते, सुमारे १०,००० पुढे आले. मुख्य भूमीवरून ३,००० हवे होते. छावण्यांतून मिळाले सुमारे १,२००. अभ्यासक याची कारणे अनेक देतात. मला हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुरे वाटते.

हवाईतून गेलेल्यांत इनोये होता. मदत केंद्रावरच्या रात्रींनी त्याच्या मनात शल्यविशारद व्हायचे पक्के केले होते आणि हवाई विद्यापीठात त्याने वैद्यकाच्या पूर्वतयारीचा अभ्यासही सुरू केला होता. तो सोडून तो भरती झाला. २१ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतले युद्ध संपायला दोन आठवडेही उरले नसताना, त्याचा उजवा हात ग्रेनेडने गेला. पुढे तो अमेरिकी सिनेटमध्ये जवळजवळ पन्नास वर्षे बसला. त्याआधी मात्र इस्पितळात डाव्या हाताने अक्षरे काढायला शिकला आणि परत आल्यावर वैद्यकाऐवजी राज्यशास्त्र व अर्थशास्त्राच्या वर्गात नाव घातले.