पिवळा, जांभळा, लाल

गेल्या महिन्यात सोसायटीतला एक मुलगा किटमधून स्वतः जोडलेलं ओव्हरड्राइव्ह पेडल घेऊन आला. त्याच्या निळ्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. "काका, स्टेजवर डोळ्यांत घुसतो हो," म्हणाला. मी झाकण उघडलं. दिव्याला ४७० ओहमचा रेझिस्टर होता. निळा एलईडी सव्वातीनच्या आसपास व्होल्ट घेतो. बॅटरीच्या नऊमधून ते गेले की पावणेसहा उरतात, त्यांना ४७०ने भागलं की झाले बारा मिलिअँपिअर. आजच्या झगझगीत निळ्या दिव्याला एकसुद्धा पुरतो. रुपयाभराचा रेझिस्टर बदलण्याऐवजी पोरानं पट्टी चिकटवली होती. का, तर "किटमध्ये हाच आला होता." ते उत्तर मला लागलं, आणि म्हणून हा मागोवा.

एलईडी आणि फझ पेडल, दोन्ही वस्तू एकाच वर्षीच्या. १९६२ साली निक होलोन्याक यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये लाल उजेडाचा एलईडी बनवला आणि त्याच वर्षी मेस्ट्रोचा फझ-टोन बाजारात आला. त्यांची गाठ मात्र बऱ्याच उशिरा पडली. १९६६च्या फझ फेसवर दिवा नव्हता. पेडल चालू आहे की बंद, हे वादक कानानं ओळखायचा. दिवा नंतर रुळला. ती सगळी वर्षं आमच्यासाठी मासिकांतल्या फोटोंपुरती होती, म्हणून मी त्यांत रमत नाही. मला सांगायचं आहे ते १९९५ ते २००५ या दशकाबद्दल.

पुण्यात तेव्हा परदेशी पेडल विकत घेणं आमच्या खिशाबाहेरचं होतं. मग बुधवार आणि रविवारच्या जुन्या बाजारातून बिघडलेले ट्रान्झिस्टर रेडिओ आणायचे आणि त्यांतले एसी१२८ काढायचे. जर्मेनियमचे ते ट्रान्झिस्टर भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेले असत आणि फझला उत्तम चालत. बाकीचा माल पासोड्या विठोबापाशी मिळे, तिथं नसेल तर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर.

एसी१२८ पीएनपी जातीचा, म्हणून त्या सर्किटमध्ये बॅटरीचं धन टोक ग्राउंडला. दिवाही मग उलटा जोडायचा, लांब पाय ग्राउंडकडे. हे कळेपर्यंत माझा पहिला दिवा पेटलाच नाही. पेटला तेव्हा मी पुस्तकाबरहुकूम वीस मिलिअँपिअर धरून ३३० ओहम घातले होते. गॅदरिंगच्या आदल्या रात्री गिटारची वायर खोचलेली आणि पेडल चालूच राहिलं. दुसऱ्या दिवशी सोलोच्या मध्यावर आवाज आक्रसत गेला आणि बंद पडला. त्या रात्री मी हिशेब मांडला. फझला लागतो जेमतेम एक मिलिअँपिअर आणि दिवा खात होता एकवीस. गाण्यासाठी आणलेली बॅटरी मी दिव्यावर उधळली होती.

मग एका संध्याकाळी खोलीतले दिवे मालवले, एक किलोओहमच्या रेझिस्टरला दहा किलोओहमचं पॉट जोडलं आणि लाल एलईडी हळूहळू मंद करत नेला. उभ्यानं पायाशी पाहून स्पष्ट दिसेल, पण खुपणार नाही, तिथं थांबलो. मल्टिमीटरनं मोजलं तर पावणेपाच किलोओहमच्या आसपास. डब्यातला सर्वांत जवळचा रेझिस्टर निघाला ४.७ किलोओहमचा: पिवळा, जांभळा, लाल. प्रवाह दीड मिलिअँपिअर. बॅटरी महिनोन्‌महिने टिकू लागली.

त्याच काळातला एक जुना हिशेब बाकी आहे. एका दुरुस्तीवाल्यानं माझ्या मित्राच्या पेडलमधला दिवा कापून काढला. म्हणे, दिव्यानं टोन मरतो. ही समजूत अजून ऐकू येते आणि ती साफ चूक आहे. नऊ पायांच्या थ्रीपीडीटी फूटस्विचमध्ये दोन रांगा गिटारच्या सिग्नलच्या, तिसरी फक्त दिव्याची. सिग्नल दिव्याला शिवतही नाही. त्या पेडलची खरी तक्रार होती ती दाबताना येणाऱ्या 'टक्' आवाजाची. दिव्याचा आणि सर्किटचा प्रवाह एकाच बारीक ग्राउंडच्या तारेतून जात होता. दिव्याला वेगळी तार बॅटरीपर्यंत दिली आणि ४.७च्या जागी २.२ किलोओहमचे दोन रेझिस्टर घालून मधून ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला जोडला. टक् गेला, दिवा परत आला.

थ्रीपीडीटी आमच्या हाती लागण्याआधी तर दिव्यासाठीही डोकं लढवावं लागे. सहा पायांच्या डीपीडीटीत सिग्नल वळवला की दिव्याला जागाच उरत नसे. आर. जी. कीन यांनी त्यावर मिलेनियम बायपास शोधला. डायोडमधून पाझरणाऱ्या नगण्य प्रवाहाच्या आधारानं एक फेट दिवा चालवतो. लॅमिंग्टन रोडवर फेट हुडकत मी अख्खा दिवस घालवला आहे. आज नऊ पायांचा स्विच घरपोच येतो आणि त्या युक्तीचं नावही नव्या मुलांना ठाऊक नाही.

शुजी नाकामुरा यांनी १९९३च्या सुमारास तेजस्वी निळा एलईडी घडवला. २०१४चं नोबेल त्या कामाला मिळालं. पेडलांमध्ये तो शिरला आणि लाल दिव्याचे आकडे तसेच पुढे चालू राहिले. तिथंच बिघडलं. पेडलमधल्या बाकी भागांच्या किमती कान ठरवतात. दिव्याचा रेझिस्टर तेवढा डोळ्यांनी ठरवायचा असतो आणि तो चुकला तरी आवाज बिघडत नाही. नवशिक्याला शिकायला याहून निर्धोक जागा नाही. किटवाल्यांनी तीच जागा आयता आकडा छापून बुजवली.

त्या मुलाला मी माझा ४.७चा रेझिस्टर दिला नाही. एक किलोओहमचा रेझिस्टर आणि पन्नासचं पॉट हातात दिलं, खोलीत अंधार केला. तो बावीसपाशी थांबला. पुढचं पेडल जोडाल तेव्हा तुम्हीही एवढं करा: दिवे मालवा, पॉट फिरवा, मोजा आणि मगच सोल्डर लावा.