बँक ठणठणीत होती, तरी यूपीआय का बंद पडलं? बिघाड होता चार हात लांब

जुलै २०२४ च्या अखेरीस देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय बंद पडलं. यात सहकारी बँका आणि ग्रामीण बँका होत्या, म्हणजे गावाकडच्या माणसाचं खातं जिथं असतं त्याच. खात्यात पैसे, मोबाईलला रेंज, तरी पैसे जाईनात. अशा वेळी आपण शाखेतल्या क्लार्कवर चिडतो. पण त्याच्या हातात काहीच नव्हतं.

झालं असं, की छोट्या बँका स्वतःचं सॉफ्टवेअर स्वतः सांभाळत नाहीत. ते परवडतही नाही. या बँकांचं काम सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी बघत होती. स्टेट बँक आणि टीसीएस यांची ती भागीदारीतली कंपनी. तिच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. म्हणजे चोरट्यांनी आत शिरून फायलींना कुलूप लावलं. असे लोक मग किल्लीसाठी पैसे मागतात. लागण पुढे पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ३१ जुलैला सी-एजची जोडणीच तोडली. दुसऱ्या दिवशी तपासणी करून ती पुन्हा जोडली. बँकांच्या स्वतःच्या यंत्रणेला धक्का लागलेला नव्हता, असंही एनपीसीआयने सांगितलं.

मग चोर आत आले कुठून? क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने याचा माग काढला. त्यांच्या अहवालानुसार सुरुवात सी-एजमध्ये नव्हतीच. सी-एजसोबत काम करणारी ब्रॉन्टू टेक्नॉलॉजी सोल्युशन्स नावाची दुसरी कंपनी आहे, तिच्या एका सर्व्हरवर ती झाली. त्या सर्व्हरवर जेन्किन्स नावाचं सॉफ्टवेअर होतं. प्रोग्रामरने लिहिलेला कोड तपासणं, जोडणं, पुढे चढवणं ही कामं ते आपोआप करतं. फुकट मिळतं आणि जगभर वापरलं जातं.

आता खरी गंमत पुढे आहे. जेन्किन्समध्ये भोक पडलं ते जेन्किन्सवाल्यांनी लिहिलेल्या कोडमुळे नाही. दिलेली आज्ञा वाचण्याचं बारीकसं काम करायला त्यांनी दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड आत बसवला होता. अशा तयार कोडला लायब्ररी म्हणतात आणि या लायब्ररीचं नाव आर्ग्सफोरजे. तिच्यात एक सोय होती. आज्ञेत ॲट द रेटचं चिन्ह टाकून पुढे फाईलचं नाव लिहिलं, की त्या फाईलमधला मजकूर तिथं आपोआप येतो. स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाला ही सोय बरी. पण इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर तीच सोय परक्या माणसाच्या हातात पडते. लॉगिन नसलेल्यालाही फायलींच्या सुरुवातीच्या ओळी वाचता यायच्या. पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या अशाच फायलींत असतात.

जेन्किन्सने याची दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्येच दिली होती. क्लाउडसेकचं म्हणणं बरोबर असेल, तर औषध बाजारात येऊन सहा महिने झाले होते आणि ते घेतलेलं नव्हतं. याचा राग यायलाच हवा.

ट्रॅक्टरवर एकाच कंपनीचं नाव असतं, पण टायर, बॅटरी, बेअरिंग वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले असतात. सॉफ्टवेअरचंही तसंच, फक्त इथं शेकडो सुटे भाग असतात आणि त्या भागांच्या आतही दुसऱ्यांचे भाग. ट्रॅक्टरचा टायर झिजलेला डोळ्यांना दिसतो. हे दिसत नाही.

तुमच्या फोनमध्येही हाच प्रकार आहे. सातबारा, आधार यांचे फोटो काढून पीडीएफ करायला अनेकांनी कॅमस्कॅनर वापरलं असेल. १० कोटींहून जास्त डाउनलोड झालेलं ॲप. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की कंपनीला त्यात लबाड कोड सापडला. तो आला होता जाहिराती दाखवण्यासाठी बाहेरून घेतलेल्या लायब्ररीतून. गुपचूप आणखी प्रोग्राम उतरवून घेणं, नको त्या जाहिराती दाखवणं, पैसे कापणारी सेवा परस्पर सुरू करणं, हे त्यातून करता येत होतं. गुगलने ॲप काढून टाकलं, सफाई झाल्यावर ते परत आलं. (२०२० मध्ये भारत सरकारने या ॲपवर बंदी घातली, त्याचं कारण वेगळं.) म्हणजे प्ले स्टोअरवर आहे, लाखो लोक वापरतात, एवढ्यावर भरवसा पुरत नाही. ॲपचं अपडेट आलं की करून घ्या, त्यात बहुतेक वेळा अशीच भोकं बुजवलेली असतात. वापरात नसलेलं ॲप काढून टाका.

यूपीआय अडकून पैसे कापले गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला केलेलं पेमेंट असेल तर पाच दिवसांत. ‘परतावा देतो, पिन सांगा’ म्हणणारा फोन आला तर तो चोर समजा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन लावा.

आता विकास सोसायट्यांकडे बघा. देशातल्या ६३,००० सोसायट्या एका सॉफ्टवेअरवर आणायची योजना केंद्राने जून २०२२ मध्ये मंजूर केली. पीककर्जाचा हिशोब वहीतून कॉम्प्युटरवर चालला आहे. हे चांगलंच आहे, पण सुट्या भागांचा धोकाही सोबत येतो. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, की सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणते भाग बसवलेत त्याची यादी ठेवावी. भोक सापडलं की आपल्याकडे तो भाग आहे का, हे यादी असेल तरच चटकन कळतं.

सभासद म्हणून तुम्हाला हे विचारता येतं. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते. लाभांशाचा विषय झाला की सचिवांना किंवा मॅनेजरसाहेबांना विचारा: आपलं सॉफ्टवेअर कोण सांभाळतं, त्यातल्या भागांची यादी त्यांनी दिली आहे का, आणि शेवटची दुरुस्ती कधी बसवली?