महिन्यातून दोनदा निघणाऱ्या जुन्या गाडीत ऑइल कोणतं टाकायचं?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशी एक तरी गाडी असतेच. वर कव्हर, कव्हरवर धूळ आणि आत बाबांची मारुती ८००. कंपनीने ही गाडी बनवणं २०१४ मध्ये थांबवलं, पण घरच्यांचा जीव तिच्यात अडकलेला असतो. १५ वर्षं झाल्यावर आरटीओत खेटे घालून नोंदणी वाढवून आणलेली असते. बॅटरी बसू नये म्हणून दर रविवारी कुणीतरी खाली जातं, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतं आणि समाधानाने वर येतं.

घोळ नेमका इथे होतो.

पेट्रोल जळताना पाणी तयार होतं, एक लिटर पेट्रोलमागे जवळपास एक लिटर. ऐकायला खोटं वाटेल, पण सकाळी सायलेन्सरमधून टपटपतं ते हेच पाणी. बरंचसं वाफ होऊन बाहेर जातं. थोडं मात्र पिस्टनच्या रिंगांजवळून खाली ऑइलमध्ये उतरतं, सोबत न जळलेलं पेट्रोलही. गाडी अर्धा तास रस्त्यावर पळाली की ऑइल चांगलं तापतं आणि हे सगळं उडून जातं. पाच मिनिटांत ऑइल धड कोमटही होत नाही. मग पाणी आतच राहतं, ॲसिड तयार होतं आणि ते हळूहळू बेअरिंग खातं. म्हणजे काळजीपोटी केलेला उपायच इंजिनाच्या मुळावर येतो.

ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. आतून सायीसारखा पिवळट थर दिसला तर समजा पाणी साचतंय. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. तेव्हा गाडी सुरू न करता मेकॅनिकला बोलवा.

म्हणून अशा गाडीचं ऑइल कॅलेंडर बघून बदलायचं. वर्षभरात ५०० किलोमीटर झाले असले तरी वर्षातून एकदा, फिल्टरसकट.

आता कोणतं? डब्यावर २०डब्ल्यू-४० असं काहीतरी लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहतं ते सांगतो, आकडा जितका लहान तितकं सहज. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ऑइल किती दाट राहतं त्याचा. २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशांना होते, त्यामुळे आपल्या थंडीत गाडी सुरूच होणार नाही असं काही होत नाही. पण उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरून बसलेलं असतं आणि स्टार्टर मारल्यावर पहिले काही सेकंद धातूवर धातू घासतो. त्यामुळे मॅन्युअलमध्ये एकापेक्षा जास्त ग्रेड दिले असतील तर त्यातला डब्ल्यूआधीचा लहान आकडा घ्या, दुसरा आकडा तोच ठेवा. मॅन्युअलबाहेर जाऊ नका.

‘गाडी जुनी झाली, जाड ऑइल टाकू,’ हे गॅरेजमधलं आवडतं वाक्य. इंजिन ऑइल पीत असेल, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर त्यात तथ्य आहे. नुसतं वय वाढलं म्हणून जाड ऑइल लागत नाही.

मिनरल की सिंथेटिक? सिंथेटिक जास्त टिकतं हे खरं, पण त्यात साचलेलं पाणी आपोआप नाहीसं होत नाही. महागडं सिंथेटिक टाकून तीन वर्षं तसंच ठेवण्यापेक्षा साधं ऑइल दरवर्षी बदललेलं परवडतं, असं आमचं मत.

डब्यावर एपीआयची अक्षरंही असतात. पेट्रोल गाडीसाठी एसपासून सुरू होणारी बघा. २०२० मध्ये आलेलं एसपी आधीच्या एसएन, एसएम वगैरेंच्या जागीही चालतं. पद्मिनी किंवा ॲम्बेसिडर असेल तर थोडं थांबा. त्यांच्या पेट्रोल इंजिनांत कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर घासत फिरतो आणि तिथली झीज ऑइलमधलं झिंक-फॉस्फरस रोखतं. नव्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. या गाड्यांत नव्या जमान्याचं पातळ ऑइल टाकायच्या फंदात पडू नका.

पावसाळाभर गाडी उभीच राहणार असेल तर ऑइल जूनआधी बदला. पावसाळा संपल्यावर बदललं तर जुन्या ऑइलमधलं ॲसिड चार महिने आत बसून राहिलेलं असतं. रविवारी वेळ असेल तर गाडी अर्धा तास फिरवून आणा. नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा आणि इंजिनाला हात लावू नका. गॅरेजवाला काचेवर ‘पुढील सर्व्हिस ५,००० किमी’ असा स्टिकर लावेल, त्यावर पेनाने पुढच्या वर्षीची तारीख लिहून टाका.