किरणोत्सर्ग अंगात किती मुरला?

मळवली स्टेशनात उतरले की एका बाजूला भाजे, लोहगड, विसापूर आणि दुसऱ्या बाजूला कार्ले. हा सारा डोंगर बेसॉल्टचा. ग्रॅनाइटपेक्षा त्यात युरेनियम-थोरियम कमी, म्हणून जमिनीतून येणारा नैसर्गिक किरणोत्सर्गही इथे कमीच. तरी किरणोत्सर्गी अपघाताला तोंड देण्याची तयारी याच मावळात होते. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर नौदलाने २०१९ मध्ये ‘अभेद्य’ हे आण्विक, जैविक आणि रासायनिक संकटांसाठीचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले. सुदुंबऱ्याला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची (एनडीआरएफ) पाचवी बटालियन आहे.

जवानाच्या हातातले उपकरण अपघाताच्या जागेवरचा किरणोत्सर्ग मोजते. तिथे अडकलेल्या कामगाराच्या शरीराने किती मात्रा शोषली, हे त्यावरून ठरत नाही. डॉक्टरांना नेमके तेच हवे असते. ही मात्रा ग्रे या एककात मोजतात. १ ग्रेच्या आसपास मळमळ-उलट्या सुरू होऊ शकतात; ४ ग्रेच्या आसपास उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसे दगावतात. आणि उलटी तर नुसत्या भीतीनेही होते.

उत्तर रक्तातल्या पेशींत असते. १ ग्रे गॅमा किरणांनी एका पेशीतल्या डीएनएची एकेरी साखळी सुमारे हजार ठिकाणी तुटते. समोरची साखळी शाबूत असल्याने ती सहसा नीट सांधली जाते. दोन्ही साखळ्या एकदम तुटल्या की मात्र धोका. अशा जागा चाळीसच्या आसपास. त्यातली काही टोके चुकीची जुळतात, काही तुकडे सुटेच राहतात. पेशी विभागताना हे तुकडे मुख्य केंद्रकाबाहेर पडतात आणि त्यांचे सूक्ष्मकेंद्रक बनते.

लिम्फोसाइट पेशी रक्तात एरवी विभागत नाहीत. म्हणून राजम्यापासून मिळणारे, त्यांना विभागायला लावणारे फायटोहिमॅग्लुटिनिन घालून त्या प्रयोगशाळेत सुमारे तीन दिवस वाढवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली हजारभर पेशींतली सूक्ष्मकेंद्रके मोजायची. शंभर रुग्ण एकदम आले तर हे काम कसे उरकणार?

न्यूसे आणि क्रेमर या संशोधकांनी १९८४ मध्ये फ्लो सायटोमीटरची वाट दाखवली. पेशींची आवरणे विरघळवायची, मोकळी झालेली केंद्रके डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने रंगवायची आणि लेझरसमोरून एकेक करून सोडायची. जितका डीएनए, तितका उजेड. सूक्ष्मकेंद्रके फिकट चमकतात, म्हणून वेगळी ओळखू येतात. यंत्र सेकंदाला हजारो कण तपासते. अडचण एकच, पण मोठी: मेलेल्या पेशींचा चुराही तसाच फिकट चमकतो. त्यासाठी फक्त मृत पेशींतच शिरणारा दुसरा रंग आधी वापरतात. माझ्या मते या पद्धतीची विश्वासार्हता या दुसऱ्या रंगावरच टिकून आहे.

१९९८ मध्ये आणखी एक खूण सापडली. दोन्ही साखळ्या तुटताच काही मिनिटांत तिथल्या एचटूएएक्स प्रथिनाला फॉस्फेट जोडले जाते. चमकणारी प्रतिपिंडे लावून तेही याच यंत्रावर दिसते आणि पेशी वाढवाव्या लागत नाहीत. पण एका दिवसात ही खूण बहुतांशी पुसली जाते. म्हणजे रक्त लवकर घ्यायला हवे.

मात्र कोणतेही यंत्र आयत्या वेळी मात्रा सांगू शकत नाही. निरोगी माणसांच्या रक्ताला ठरावीक मात्रा देऊन प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतःचा आलेख आधीच तयार ठेवावा लागतो. पुण्यातील ज्या वैद्यकीय महाविद्यालयांकडे फ्लो सायटोमीटर आहे, त्यांनी हे आलेख आताच करावेत आणि सुदुंबऱ्याच्या पुढच्या सरावात रक्ताचे नमुने घेण्याचीही तालीम व्हावी.